सागवानी शेपटी

प्रिय काका,

तुमच्या विमानाची शेपटी आज मी करवतीनं कापली. ही गोष्ट गावभर होईलच. त्याआधी तुम्हाला ती माझ्याकडून कळावी, म्हणून लिहिते आहे.

तुम्ही वारलात तेव्हा ते छोटं विमान उडालेलं नव्हतं. लढाईत वायरलेसचं काम शिकून आलात आणि जुन्या रेडिओंच्या सुट्या भागांतून जुळणी केलीत: हातातल्या पेटीची कळ दाबली की विमानाचं सुकाणू वळेल. इंजिन तेवढं कलकत्त्याहून मागवलं. बाकी सगळं घरचं. पंख बांबूच्या कामट्यांचे, त्यावर कोशाचं रेशीम, रेशमावर लाखेचं रोगण. मग शेपटीच तेवढी सागवानाची का केलीत?

मी विचारलं होतं. पांगारा हलका असतो, वाळवून घेऊ, म्हटलं. तुम्ही रंधा थांबवला नाहीत.

"सागाच्या आलापल्लीत बसून पांगाऱ्याची शेपटी लावू? लोक हासतीन ना पोरी."

शेपटी जड झाली. तोल साधायला तुम्ही नाकात शिसं ओतलं. मग विमान माळावर कोंबडीसारखं नुसतं धावायचं. लोक हसायचे ते हसलेच!

मापं घ्यायला मला तुम्हीच घरी शिकवलंत, शाळा नंतर आली. मग शेपटीचं मी काढलेलं माप एकदा तरी का बघितलं नाहीत?

तुमच्यामागे मी पांगाऱ्याची शेपटी केली. सुकाणूला बिजागरी म्हणून रेशमाची पट्टी चिकटवली. पण बसवायची हिंमत होईना. काकू म्हणायची, त्यांच्या हातचं शेवटचं आहे, हात लावू नको. तिचं म्हणणं बरोबर होतं. माझं मापही बरोबर होतं. पावसाळाभर मी दोन्हींच्या मध्ये बसून राहिले.

काल खंडेनवमीला काकूनं तुमचा रंधा, पटाशी, करवत पाटावर मांडली आणि शेजारी विमान ठेवलं. सगळ्यांना हळदकुंकू वाहिलं. पुजलेलं हत्यार दुसऱ्या दिवशी हाती घ्यायचं, म्हणून आज सकाळी मी एकेक उचललं. विमानापाशी थांबले.

"काऊन थांबली?" काकू म्हणाली. "पुजलं ना त्याले? मंग चालवा लागते."

शेपटी बदलल्याशिवाय ते चालणार नाही, असं मी सांगितलं. मग तिनंच विमान दोन्ही हातांनी घट्ट धरलं.

"काप. पंखाले धक्का नको लावू."

पांगाऱ्याची शेपटी बसवली, नाकातलं शिसंही काढलं. बोटांवर तोलून पुन्हा पुन्हा पाहिलं. नाक झुकत नाही, शेपटीही नाही. तुमची शेपटी काकूच्या पेटीत, तिच्या लुगड्यांत आहे.

उद्या वारा उठायच्या आत माळावर जाऊ. विमान काकू सोडणार, कळ मी दाबणार. ते जमिनीवर उतरेपर्यंत नजर हलवणार नाही. पडलं, तर आधी माझं काम तपासीन. मग तुमचंही तपासीन, काका. ते आता टाळणार नाही.

तुमची,
सुमन