कुणाची ओळ

१२ मार्च, रविवार

ताई,

भावजींच्या गुडघ्याचं ऑपरेशन नीट झाल्याचं मावशीकडून कळलं. महिनाभर तरी त्यांना जिना चढू देऊ नकोस. ते ऐकणार नाहीत, हेही ठाऊक आहे. मी बरी आहे. चष्म्याच्या दुकानात अजून मीच भिंगं घासते. मालक दुसऱ्या गावात दुकान काढताहेत आणि ते मी सांभाळावं म्हणतात. मी अजून काही बोलले नाही.

सोबत कागद आहेत. बाबांच्या वाचकमंडळाला आपलं घर स्मारक म्हणून हवंय. घर दोघींच्या नावावर, म्हणून तुझी सही लागेल. जागा पेन्सिलीने दाखवल्या आहेत. मागची खोली मला हयातभर मिळेल. त्या बदल्यात घराची देखभाल करायची आणि दर शनिवारी हजर राहायचं.

शनिवार काय ते तुला सांगायला हवं. बाबा गेल्यापासून, म्हणजे तीन वर्षं, दर शनिवारी पाच वाजता वीस-बावीस जण पुढच्या खोलीत जमतात. एकाने बाबांच्या कुठल्या तरी कथेतली ओळ चिठ्ठीवरून वाचायची, बाकीच्यांनी कथा ओळखायची. मी पुस्तक उघडून 'बरोबर' म्हणायचं. जो जिंकेल तो पुढच्या डावाला बाबांच्या खुर्चीत बसतो. औषधवाले काका इतके जिंकतात की खुर्चीची गादी त्यांच्या मापाची झाली आहे. माणसं वाईट नाहीत गं. मला ताप आला तेव्हा त्यांनीच गोळ्या आणून दिल्या. पण न्हाणीघरातली गळकी तोटी ते मला बदलू देत नाहीत, कारण ती एका कथेत आहे. खिडकीचा रंगही तोच हवा. परवा मी केस कापून आले, तर शिवणकाम करणाऱ्या बाई हिरमुसल्या. बाबांच्या कथेतल्या धाकटीची वेणी लांब आहे म्हणे.

सगळ्यांना वाटतं, मला बाबांचं सगळं पाठ असेल. खरं म्हणजे मी एकच कथा नीट वाचली आहे. तू वाचलीस तीच.

काल त्याच कथेतली ओळ आली. एक नवीन शिक्षिका होती, पहिल्यांदाच आलेली, त्यामुळे चिठ्ठी वाचायचा मान तिला दिला. तिने चिठ्ठी उघडली आणि छान सावकाश वाचलं, 'आईने हाक मारली, आणि मी दुसऱ्या हाकेची वाट बघत पडून राहिले.'

दहा आकडे मोजायचा नियम आहे. कुणी दोनसुद्धा मोजले नाहीत. सगळे एका सुरात कथेचं नाव बोलले आणि हसले, इतकी ती ओळ लाडकी आहे. मग माझ्याकडे बघू लागले. पुस्तक माझ्या मांडीवर होतं. मी म्हणाले, "ही ओळ बाबांची नाही."

त्यांना वाटलं, मी गंमत करते आहे. औषधवाले काका उठले, माझ्या हातातून हळूच पुस्तक घेतलं, पान काढलं, त्या ओळीखाली बोट ठेवून मला दाखवलं. "हे बघ बाळ. आहे की." एवढ्या प्रेमाने बोलले, की मी 'बरोबर' म्हटलं. सगळेच जिंकले, म्हणून खुर्ची नव्या शिक्षिकेला दिली. तिने बसल्यावर विचारलं, हे लेखकांना सुचलं तरी कसं असेल? तासभर त्यावर चर्चा झाली. मी चहा केला.

ताई, आठ महिने तू आईला उचललंस, पुसलंस, भरवलंस. त्या दुपारी तुझी पाठ नुकती जमिनीला लागली होती, आणि आईची दुसरी हाक आलीच नाही. तू हे फक्त मला सांगितलंस, गच्चीवर, चादरींच्या घड्या करताना. माझ्याकडे न बघता.

तुला वाटतं बाबांनी ते जिन्यात उभं राहून ऐकलं. बाबा त्या दिवशी घरातच नव्हते.

मी सांगितलं. आई गेल्याला दहा दिवस झाले होते. बाबा टेबलाशी बसून असायचे, लिहीत नसायचे, कुणाशी बोलत नसायचे. मी जेवायला बोलवायला गेले आणि तुझं दुःख हलकं व्हावं म्हणून सांगितलं, असं मी स्वतःला एकोणीस वर्षं समजावत आले. तसं नव्हतं. मी पहिलं वाक्य बोलले आणि त्यांनी खुर्ची माझ्याकडे वळवली. त्यांनी माझ्याकडे खुर्ची कधीच वळवली नव्हती. म्हणून मी सगळं सांगितलं, तुझ्या शब्दांत, जसंच्या तसं.

ती कथा छापलेलं मासिक आलं तेव्हा तू स्वयंपाकघरात मला विचारलंस, "तू बोललीस का त्यांना?" मी 'नाही' म्हणाले. बाबा दारात होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि तुला म्हणाले, "मी ऐकलं होतं." मला वाचवायला की कथा वाचवायला, हे त्यांनी कधी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. संध्याकाळी तू बॅग घेऊन गेलीस.

मग मी कुठे जाणार होते? त्यांच्या गोळ्या, त्यांचे डोळे, त्यांची पत्रं. लोक म्हणायचे, धाकटीने बापासाठी जन्म वेचला. ते गेले तेव्हा तू आली नाहीस, लोकांनी तुला नावं ठेवली, आणि मी त्यांना पाण्याचे पेले देत फिरले.

सही करू नकोस, असं सांगायला हे पत्र लिहायला घेतलं होतं. मला इथून निघायचं आहे. एक शनिवारही मला आता सोसवत नाही. पण एवढं लिहून झाल्यावर ते मागायचा हक्क मला उरत नाही. तू रागाने सही करून कागद परत पाठवलेस, तर मी मागच्या खोलीत राहीन आणि दर शनिवारी 'बरोबर' म्हणेन. फाडून टाकलेस, तर मालकांना होकार देईन.

ते वाक्य तुझं होतं. मी तुला न विचारता ते देऊन टाकलं.

तुला 'नाही' म्हणालेली,
तुझी धाकटी