पिवळा हिरा आणि परातभर मीठ

मोरवा, भाईंदर

माझी धाकटी, पण माझ्याहून म्हातारी दिसणारी बहीण गोदूबाई हिला इंदूबाईचा पोटभर आशीर्वाद. तुझे गुडघे कसे आहेत? माझे ठणठणीत आहेत, म्हणून मुद्दाम विचारलं. पत्र शेजारची सुचेता लिहितेय (मी 'न्हाय' म्हटलं की ही 'नाही' लिहिते, तेव्हा माझी भाषा सुधारलेली दिसली तर घाबरू नकोस).

तर, रुचिताला साखरपुड्यात हिऱ्याची अंगठी माझ्याकडून, असा मी नातीला शब्द दिला होता. पोरगा पंढरीनाथ मला शांती नगरातल्या जयकुमार शेठकडे घेऊन गेला. शेठ मासे खात नाही, तरी माणूस बरा. त्याने घडी घातलेल्या पांढऱ्या कागदावर हिरा पालथा ठेवला, खिडकीशी नेला आणि सांगितलं, की हिऱ्याचा रंग असा दिवसाउजेडी बघायचा, बल्बखाली नाही. (बल्बचं मला कोण सांगतो! संध्याकाळच्या बाजारात आपण पापलेटावर बल्ब काय उगाच टांगतो?) पांढरेपणाला म्हणे इंग्रजी अक्षरं असतात. डी सगळ्यात पांढरा, मग पुढे पुढे पिवळेपणा चढत जातो. मी विचारलं, ए, बी, सी कुठं गेले? "माँजी, वो होते ही नहीं." म्हणजे तेही माझ्यासारखेच, शाळेत कधी दिसलेच नाहीत.

आपला हिरा 'जी' अक्षराचा. शेठ म्हणाला पांढरा, पंढरीनाथ म्हणाला पांढरा, रुचिता तर बघायच्या आधीच पांढरा म्हणाली. मी म्हटलं, पिवळा हाय. शेठने दुसरा काढला, तोही पिवळा. शेवटी वैतागून त्याने पंढरीनाथच्या ओळखीवर तो 'जी' हिरा जांगड दिला, म्हणजे पसंत पडला तर ठेवा, नाहीतर उद्या परत. रुचिताचं तोंड एवढंसं झालं. आजी नाही म्हणाली की अंगठी गेली, हे तिला ठाऊक.

घरी आल्यावर मी म्हटलं, कागदाचं काय सांगतो, आपण मिठागराजवळची माणसं. पांढरं म्हणजे काय ते मिठाला विचारावं. परातीत खडेमीठ पसरलं, वर हिरा ठेवला (मीठही यंदा पिवळंच आलंय, वाण्याला चार शब्द सुनवायचे आहेत) आणि उजेडात बघावं म्हणून परात दाराकडे ओढली. झालं! हिरा मिठात गडप. परातभर हिरेच हिरे, त्यात आपला कुठला? सगळे उकिडवे बसून खडे निवडायला लागलो. पंढरीनाथ तर एकेक खडा चाटून बघत होता. नंतर कळशीभर पाणी प्यायला. शेवटी सून सुलू ओरडली, "अवो सासूबाय, पानी वता ना! मीठ इरघळंल, हिरा कुठं जातोय?" ओतलं. मीठ गेलं आणि तळाशी तो एकटा राहिला, असा चमकत! रुचिताने उचलून बोटावर धरला आणि इतकी खिदळली, की मी म्हटलं, पिवळा तर पिवळा, हाच घे. घरभर झालं, आजीचं मन किती मोठं! मीही नाही म्हटलं नाही.

साखरपुड्याला ये. गुडघ्यांची सबब चालणार नाही.

तुझी,
इंदू (अंगठा सुचेताने शाईत बुडवून घेतलाय)

ता.क. काल डोळ्यांच्या शिबिरात डॉक्टर म्हणाला, "आजी, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलाय. तुम्हाला सगळंच पिवळं दिसत असणार." साखरपुडा झाला की ऑपरेशन. तेव्हा आठवडाभर माझ्याजवळ राहा, पत्राचं खरं काम हेच. मात्र पिवळ्याचं घरात अवाक्षर काढू नकोस (सुचेताला शपथ घातली आहे). मोठ्या मनाची म्हणून नुकतीच कुठं ओळख झालीय.

आणखी एक. तू दिलेली पांढरी चादर पहिल्याच धुण्यात पिवळी पडली, असं मी मोरव्यात घरोघर सांगितलंय. ते आत्ताच मागे घेत नाही. एक डोळा उघडला की बघेन, आणि पांढरी निघाली तर तुला एकटीला सांगेन.