दोघांची दृष्ट

बॉथेल (अमेरिका), १५ ऑक्टोबर २००६

चि. शुभा, दादाचे आशीर्वाद.

या देशाने माझ्यावर घोर अन्याय केला आहे. प्रयोगाला मध्यंतरच नाही, त्यामुळे वडाही नाही!

तुझ्या निमिषचा नाच पाहिला. बंद पडलेल्या यानात दोन अंतराळवीर, दोघेही पुरुष, प्रेमात पडतात.

"मामा, समजलं?"

"यान बंद पडलं, एवढं समजलं."

खूप हसला. तब्येत उत्तम. सोबत नाचणारा डॅनियलच त्याचा आयुष्याचाही जोडीदार. वेळेवर जेवायला लावतो.

वर्षभर तू त्याला फोन केला नाहीस. तो तक्रार करत नाही, फक्त तुझे गुडघे कसे आहेत, विचारतो. कसे आहेत?

लहानपणी गणपतीत तो साडी नेसून नाचला, तेव्हा मी टिंगल केली आणि त्याने घरात नाचणं सोडलं. काल टाळ्या वाजवायला पहिला मीच उभा राहिलो. घरी आल्यावर मीठ-मोहरीने दोघांची दृष्ट काढली, तुझ्या वतीने.

तुझा,
दादा