यल्लव्वाच्या दाराचं कुलूप

मी, चंदन पीटर त्रिभुवन, वय २६, मूळ गाव हरेगाव, तालुका श्रीरामपूर, सध्या महादेवपुरा, बंगळुरू, जेसीबी ऑपरेटर, सातवी नापास, लिहून ठेवतो की माझं डोकं ठिकाणावर आहे आणि मी दारू घेतलेली नाही. कुणाचा दबाव नाही, असंही लिहायचं असतं म्हणे. दबाव आहे, पण तो हे लिहू नको असा आहे.

उद्या सोमवारी चौकशीत माझी साक्ष आहे. दोन दिवस गल्लीच्या तोंडाशी पांढरी गाडी उभी आहे. काल एकाने फोन करून विचारलं, "आई हरेगावलाच असते ना?" एवढंच विचारून ठेवला. म्हणून घाई.

१. बँकेत असेल ते आईला, मरियाबाईला. तिने हरेगाव सोडून काही दिवस मावशीकडे राहावं. कारण विचारू नये.

२. माझी जपमाळ बहिणीला, पवित्राला. मणी एक कमी आहे, तो मीच हरवला.

३. पान्यांची पेटी माझा हेल्पर मल्लाप्पा याला द्यायची होती. पण तो या मृत्युपत्राचा साक्षीदार आहे, त्याला काही देता येत नाही, असं शेजारच्या खोलीतला अवधूत म्हणतो. पेटी आता मल्लाप्पाकडेच आहे. कुणी मागू नये.

४. मोबाईल फादर रविकिरण यांच्याकडे ठेवला आहे. पाडकामाचा हुकूम देणाऱ्या साहेबांचं नाव इथे लिहीत नाही, तेही फादरांकडे बंद पाकिटात आहे. मोबाईलमध्ये साहेबांचा आवाज आहे. "दुपारपर्यंत तळ्याकाठची जागा साफ पाहिजे. हॉर्न मारून लोक गोळा करू नकोस."

आमच्या कामाची रीत अशी, की घर पाडण्याआधी तीन हॉर्न द्यायचे, मग हेल्परने आत जाऊन हाक मारायची, मगच जेसीबीची बकेट उचलायची. मल्लाप्पा म्हणाला, "अण्णा, स्वल्प थांब, बघून येतो." साहेबांचा माणूस गिरीराज म्हणाला, "बाहेरून कुलूप आहे, दिसत नाही? कुलुपातून माणूस आत जातो का?" मी बकेट उचलली. आत यल्लव्वा होती. तिला चालता यायचं नाही, म्हणून मुलगी कामाला जाताना कुलूप लावून जायची.

मला माहीत नव्हतं, असं सगळ्यांना सांगितलं. ते खोटं आहे. आई कांदे काढायला जायची तेव्हा मला आणि पवित्राला आत ठेवून असंच कुलूप लावायची. कुलूप बघून मला ते आठवलं होतं. तरी हात थांबला नाही.

धर्मशिक्षणाच्या वर्गात सिस्टर सांगायच्या, देवाने माणसाला इच्छास्वातंत्र्य दिलं आहे. मला वाटायचं, ते मोठ्या लोकांना दिलं असेल. साहेबही आमच्याच चर्चचे, पुढच्या बाकावर बसतात. रविवारची मिस्सा-प्रार्थना झाल्यावर मला म्हणाले, "मनातून मी विरोधातच होतो रे. पण खुर्चीला मन नसतं." आता विचारतो, साहेब, वेदीपाशी कम्युनियनची भाकर घ्यायला येता तेव्हा खुर्ची कुठे ठेवून येता?

फादरांकडे पापकबुलीला गेलो, तेव्हा म्हणालो, हुकूम साहेबांचा होता. ते म्हणाले, "त्यांचं त्यांना सांगावं लागेल. त्यांच्या पापाने तुझं कमी होत नाही. मी तुझ्या वतीने बोलू शकत नाही, बाळा. चौकशीत तूच जा."

५. ढिगाऱ्यातून काढलेलं कुलूप उद्या चौकशीत दाखवणार आहे. नंतर ते साहेबांना द्यावं. चावी यल्लव्वाच्या मुलीकडे आहे. हवी असेल तर तिच्या दारी जाऊन मागावी.

६. उद्या खरं बोलून माझं काही झालं, तर हरेगावला आजोबांशेजारी पुरावं. भीती वाटते, हे लपवत नाही. आणि मी 'माहीत नव्हतं' असं पुन्हा बोलून धडधाकट परत आलो, तर मी मेलो असं समजून हे मृत्युपत्र त्याच दिवशी उघडावं.

स्थळ : महादेवपुरा, बंगळुरू
रविवार, १६ नोव्हेंबर २०२५

सही : चंदन पी. त्रिभुवन

आमच्यासमोर वाचून सही केली :
१) मल्लाप्पा (डाव्या अंगठ्याचा ठसा)
२) अवधूत, शेजारची खोली