काळा भुंगेरा, तपकिरी भुंगेरा

३ मार्च
चष्मिसने आज माझ्या टेबलावर बरणी आपटली. संग्रहालयात माझ्या हाताखाली आहे, एरवी मान वर करून बोलत नाही! "मॅडम, एकाच मादीची अंडी. निम्मे काळे निघाले, निम्मे तपकिरी." काळ्या सगळ्या माद्या, तपकिरी सगळे नर.

पाहिलं. खरंय. म्हणजे बारा वर्षांपूर्वी मी ज्या दोन नव्या जाती जाहीर केल्या, त्या दोन नाहीतच! बाबांनीच लाकडाच्या वखारीतून आणून दिले होते दोन्ही. एकेकच नमुना, आणि मला घाई. काळ्याला बाबांचं नाव दिलं, तपकिरीला आईचं. दोघं वेगळे राहायला लागले ते त्याच वर्षी. कुणी रुसायला नको, म्हणून.

४ मार्च
नियम सरळ आहे. एक जात, एक नाव. जुनं असेल ते टिकतं. पण मी दोन्ही एकाच लेखात छापलेली — मग चूक सुधारणारा जे निवडेल ते कायमचं. छापलं की संपलं.

चष्मिस म्हणाली, "निवड तुम्हीच करा, मला नको हे झेंगट." शहाणी आहे.

७ मार्च
आईला सांगितलं. पोट धरून हसली. "म्हणजे मी नवरा? बरोबरच आहे की, घर मीच चालवलं!" मग पदराने डोळे पुसत म्हणाली,

"माझंच ठेव हं. त्यांचं नाव सगळीकडे होतं. दारावर, पत्रांवर, बिलांवर. माझं आपलं एवढंच."

८ मार्च
बाबांना फोन. वखारीत करवत चालू, दोनदा ओरडून सांगावं लागलं.

"एकच निघाले होय? मी तेव्हा —" आणि मग, "जाऊ दे. तिचंच ठेव."

सुटले बाई!

११ मार्च
दिवसभर भुंगेऱ्यांच्या मिशांची पेरं मोजली. नर अकरा, मादी अकरा. मान कामातून गेली.

२ मे
लेख छापून आला. नाव आईचं. तिने अंक उशाशी ठेवलाय, येईल त्याला दाखवते. बाबांचं नाव खाली, बारीक अक्षरात, रद्द झालेल्यांत.

५ मे
आता दोघांना एका पेटीत ठेवायचं. काळ्याची टाचणी उपसली तर पेटीच्या तळाचं बूच सुटून आलं. त्याखाली चिठ्ठी. बाबांचं अक्षर, लाकडावर खुणा करायच्या जाड पेन्सिलीतलं.

'एकाच ओंडक्यावर, एकमेकांना धरून बसले होते. जोडी आहे ही.'

वाचली होती मी ती तेव्हा. बाबांना काय कळतंय म्हणून हसले होते, आणि दोन पेट्या मागवल्या होत्या.