गाळलेला प्रवेश

मंगळवार, दुपार

प्रिय भिंगरे,

तुझ्या गुडघ्याचं काय झालं ते आधी विचारायला हवं, पण आज राहू दे, कारण मी घाबरले आहे. हो, मी! छापखान्यात जिला सगळे तोफ म्हणायचे, जिच्या टेबलापाशी येताना मालकसुद्धा घसा खाकरून यायचे, ती मी आज दाराला आतून कडी घालून बसले आहे. अक्षर वाकडं आलं आहे. पण अक्षर माझंच आहे, हे लक्षात ठेव.

तू मुलाकडे राहायला गेलीस त्याला दीड वर्ष झालं. तेवढ्यात आपल्या नाट्यगृहात केवढी उलथापालथ झाली! बावीस वर्षं सगळा कारभार पाहणारे आपले सर निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी कलासंचालक म्हणून चौतिशीतली एक पोरगी आली. केस बारीक कापलेले, पायात कॅनव्हासचे बूट. त्या चारशे वर्षांपूर्वीच्या इंग्रज नाटककाराचं दर वर्षी एक नाटक करायचं, ही सरांची पद्धत तिने तेवढी ठेवली. बाकी मखमली पडदा गेला, मुकुट गेले, झगे गेले. राजाचं काम एका बाईला दिलं आणि दरबारी मंडळी शर्ट-पँटमध्ये, जणू आत्ताच ऑफिसातून सुटलीयेत. बाहेर ठेवलेली अभिप्रायाची वही तू वाचायला हवी होतीस. निवृत्त न्यायाधीशांनी लिहिलंय, राजा बाई आहे हे कोणत्या कलमात बसतं? दातांच्या डॉक्टरांनी लिहिलंय, नाटक बरं, खुर्च्या वाईट. कॉलेजच्या पोरांनी पानभर नुसते बदाम काढलेत. तू असतीस तर दुसऱ्या अंकात नेहमीसारखी घोरली असतीस आणि घरी जाताना मलाच विचारलं असतंस, काय गं झालं मधे?

मी लिहिली चार पानं. पहिल्या प्रयोगाच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी मुद्दाम गेले आणि उभ्याने लिहिली. कपड्यांवर एक शब्द खर्च केला नाही. माझा मुद्दा एकच होता: तिसऱ्या अंकात आई मुलाला निरोप देते, तो बारा मिनिटांचा अख्खा प्रवेश हिने कापला. नाटकाचा जीवच तो. सरांच्या वेळी आपण दोघी तिथे एकाच रुमालात नाक पुसायचो, आठवतं? मी लिहिलं, ज्यांना कापण्याची एवढी हौस आहे त्यांनी शिवणकामाचा क्लास लावावा. लिहून झाल्यावर मला काय गार वाटलं म्हणून सांगू! एकतीस वर्षं प्रुफं तपासली मी. कंपोझिटरने एक ओळ खाल्ली तरी मला पान हातात घेताच कळायचं. माझ्या नजरेतून बारा मिनिटं कशी सुटतील?

विश्वस्तांचे अध्यक्ष तर खूशच झाले. त्यांना ती पोरगी पहिल्या दिवसापासून डोळ्यांत खुपतेय, पण तिच्याविरुद्ध हाताला काही लागत नव्हतं. कपडे आवडले नाहीत म्हणून कुणाला काढता येत नाही. नाटकाची मोडतोड केली म्हणून मात्र येतं, तसं तिच्या करारातच लिहिलेलं आहे. त्यांनी वही स्वतःच्या ताब्यात घेतली, माझ्या चार पानांच्या प्रती सगळ्या विश्वस्तांना वाटल्या आणि गुरुवारी पाच वाजता प्रेक्षकांची सभा लावली. मी उभं राहून तक्रार मांडायची आणि मग मतदान. माझ्या शब्दाला तिथे किती वजन आहे ते तुला माहीत आहे.

शनिवारी सकाळी ती पोरगी घरी आली. मी तिला बस म्हटलं नाही तरी स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसली. भांडली नाही, रडली नाही. म्हणाली, मावशी, तो प्रवेश पहिल्या दिवसापासून आहे, तुम्ही पुन्हा एकदा बघाल का? मी म्हटलं, मला शिकवतेस? तुझ्या वयाची होते तेव्हा मी ते नाटक चारदा पाहिलं होतं. तोंडाला येईल ते बोलले गं. ती रविवारच्या दुपारच्या प्रयोगाचा पास टेबलावर ठेवून गेली. ओट्यावर दूध उतू गेलं होतं, जाता जाता तिनेच गॅस बंद केला.

रविवारी मी तिला उघडं पाडायलाच गेले. तिसरा अंक आला आणि प्रवेश होता. पूर्ण, शब्दन्‌शब्द. आईचं काम करणारी बाई मुलाच्या शर्टाचं बटण लावत राहते, लावून झालं तरी लावत राहते. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. म्हटलं, बघा लबाडी, मी ओरडले म्हणून परत घातला! प्रयोग संपल्यावर तडक दिव्यांवाल्याकडे गेले, मागे त्याच्या खोलीत. तो सरांच्या काळापासूनचा, खोटं बोलणाऱ्यातला नाही. त्याने दिव्यांची वही उघडून पहिल्या प्रयोगाची तारीख दाखवली. निरोपाचा प्रवेश, निळा दिवा, बारा मिनिटं. वर म्हणाला, असं काय करता मावशी, त्या दिवशी तुम्ही किती रडत होतात, मी वरून पाहत होतो, म्हटलं बाईंना पोचलं नाटक.

भिंगरे, मी ती तारीख दोनदा वाचली. रिक्षाने घरी आले. पर्समध्ये पहिल्या दिवसाचं माहितीपत्रक होतं. तुला माझी खोड ठाऊक आहे, अंधारात बसल्या बसल्या समासात पेन्सिलीने टिपून ठेवते. तिसऱ्या अंकासमोर माझ्या अक्षरात लिहिलं होतं: निरोप उत्तम. ही आई घाई करत नाही. बटण छान. खाली माझी तीच ती दुहेरी रेघ. मी ते कितीतरी वेळ बघत बसले. मला त्यातलं काही म्हणजे काहीच आठवत नाही. मी तिथे होते, रडले, कौतुक लिहिलं, आणि एका रात्रीत ते सगळं माझ्या डोक्यातून पुसलं गेलं. वर मी सकाळी उठून एका पोरीवर खोटा आळ घातला.

मी हातावर हात ठेवून बसले नाही हं. लगेच अध्यक्षांना फोन केला आणि खरं काय ते सांगितलं. ते हसले. म्हणाले, तिने घरी येऊन तुम्हाला दम दिलेला दिसतो, घाबरू नका, आम्ही आहोत तुमच्या पाठीशी. मी म्हटलं, अहो मला दम कोण देणार! पण त्यांना ऐकायचंच नव्हतं. ठीक आहे म्हटलं, गुरुवारी सभेतच सांगेन सगळ्यांसमोर. माझ्या मुलाला अजून बोलले नाही. तो रागावणार नाही गं, तो प्रेमाने वागेल, मला त्याचीच धास्ती आहे. आधी गॅसला कुलूप लावेल, मग दाराला. आणि रोज सकाळी उठले की आधी तुझं नाव घेऊन बघते, आठवतंय ना म्हणून. हसू नकोस.

एवढंच असतं तर मी फोन केला असता, पत्र लिहीत बसले नसते. काल सोमवारी सकाळी चहा घेताना मी फार रागात होते, काय काय बोलायचं ते मनात जुळवत होते. समोर टेबलावर दोन कागद होते. गुरुवारचं भाषण, माझ्या अक्षरात, वर तारीख सोमवारची. पहिलंच वाक्य: निरोपाचा प्रवेश कापणाऱ्या बाईला या खुर्चीत बसण्याचा अधिकार नाही. शाई ताजी होती. माहितीपत्रक शेजारीच पडलं होतं, ते दिसलं तेव्हा कुठे रविवार आठवला. म्हणजे गुरुवारी पाच वाजता उभी कोण राहील, आजची मी की ती दुसरी, हे मला सांगता येत नाही. न जाण्याचा बेत केला तर तोही विसरेन, आणि अध्यक्ष गाडी पाठवणारच आहेत. म्हणून हे पत्र आणि सोबत माहितीपत्रक, आजच कुरियरने पाठवतेय, उद्या तुझ्या हातात पडेल. गुडघ्याला पट्टा बांध, गुरुवारची सकाळची गाडी पकड आणि माझ्या शेजारच्या खुर्चीत येऊन बस. मी खरं बोलले तर काहीच करू नकोस. पण प्रवेश कापला असं माझ्या तोंडून निघालं की उभी राहा आणि हे पत्र मोठ्याने वाच, सगळ्यांसमोर, दूध उतू गेल्यासकट. मी तुझ्यावर ओरडेन. खोटारडी म्हणेन, अक्षर माझं नाही म्हणेन, कदाचित तू कोण असंही विचारेन. तरी थांबू नकोस, खालच्या सहीपर्यंत वाच. त्या पोरीची नोकरी वाचू दे. आणि मग मला एकटीला घरी पाठवू नकोस.

आज तरी पूर्ण शुद्धीत, तुझीच,
तोफ