जहाज पाचला सुटतं

राजुरा
१२ जानेवारी २०२५

चि. मनकर्णा हिला वामनभाऊचा जयभीम व अ. आ. वि. वि.

परवा फोनवर बोलणं अर्धवट राहिलं. तुझ्या सिरोंच्यात आवाज तुटतो, मग मी ओरडतो, मग तू रागावतेस. म्हणून पहिल्यासारखं पत्रच लिहितो. कागदावर ओरडता येत नाही.

तर नूतननं खरंच आपल्या दोघांची जहाजाची तिकिटं काढली. पोरीचा हट्ट. तिची आई गेल्यापासून मी घरात नुसता येरझारा घालतो, म्हणून बाबांना आणि आत्याला समुद्र दाखवायचा. तीन रात्रींचा प्रवास आहे. मुंबई बंदरातून २८ फेब्रुवारीला, शुक्रवारी, संध्याकाळी पाचला जहाज सुटतं. दार साडेतीनलाच बंद. आपल्याला आत घ्यायची वेळ दुपारी एक ते दोन अशी दिली आहे.

मी सगळं जुळवून पाहिलं. बल्लारशाहून मुंबईची गाडी रात्रभराची. ती आठ तास लेट झाली तर? पुढे मालगाडी घसरली तर? नूतनच्या पनवेलहून बंदराकडे जाताना रस्ता अडला तर? म्हणून आपण २३ तारखेला निघावं असं मी ठरवलं आहे. चार दिवस नूतनकडे पडून राहू आणि २८ ला सकाळी सातला बंदरावर हजर. तू २१ लाच इकडे ये. काल ऑटोनं बल्लारशा स्टेशनला उगाच जाऊन आलो. कोळशाचे ट्रक आडवे आले तर चाळीस मिनिटं लागतात, नाही तर पंचवीस.

उत्तर लवकर धाड, लोभ त्याच्याही आधी पोचू दे.

तुझा,
वामनभाऊ


सिरोंचा
१९ जानेवारी २०२५

ती. वामनभाऊ यांना मनकर्णाचा सप्रेम जयभीम.

पत्र मिळालं. दोनदा वाचलं, दोन्ही वेळा हसले. एक वाजता आत घेणाऱ्या जहाजाला सकाळी सात, आणि त्या सातसाठी पाच दिवस आधी घर सोडायचं! गुणवंतरावांच्या मुलीच्या लग्नाला तू मांडववाल्यांच्याही आधी पोचला होतास आणि त्यांनी तुझ्याच हातात बांबू धरायला दिले होते, ते मी अजून विसरले नाही. तू खाणीत हाजरीबाबू होतास तेव्हा एक मिनिट उशीर झाला की माणसाची पाळी बुडायची, हे मला ठाऊक आहे. पण रिटायर होऊन बारा वर्षं झाली. आता भोंगा वाजत नाही.

माझी अडचण ऐक. मिरची तोडणीला आली आहे. बाया २५ पर्यंतच मिळतात, मग त्या सगळ्या पलीकडे तेलंगणात जातात. अर्धी मिरची अंगणात वाळत टाकून मी समुद्र पाहायला गेले तर समुद्रातही मला मिरचीच दिसेल. मी म्हणते २७ ला निघावं, २८ ला सकाळी मुंबई, आंघोळ करावी, दोन घास खावे आणि सरळ जहाजावर. नूतनशी बोलले. ती म्हणाली, की आत्या, बाबाले सांग, लवकर येणाऱ्याले ते लोक आत घेत नाईत, बाहेरच बसवून ठेवतात, मग काऊन घाई करून राह्यले?

आणि इतकी काय धास्ती रे? आमच्या चैतू नावाड्याला आठवतोस ना. नदीवर पूल नव्हता तेव्हा नाव भरल्याशिवाय तो हलायचा नाही, आणि कोणी काठावरून पदर हलवला की अर्ध्या पाण्यातून वळवायचा. जहाजावर तर हजार माणसं. दोन म्हातारे कमी दिसले तर थोडं थांबतील की.

तब्येत सांभाळ, गोळ्या वेळेवर घे, म्हणजे वेळेआधी नको.

लोभ आहेच, त्याला घड्याळ लावू नकोस.

तुझी,
मनकर्णा


राजुरा
२७ जानेवारी २०२५

चि. मनकर्णा हिला जयभीम व आशीर्वाद.

तुझं पत्र आलं. तीन दिवस उत्तर लिहायला बसतो आणि उठतो. अंगणात जातो, फाटकाला कडी लावली की नाही ते पाहतो, पुन्हा येतो. डॉक्टर म्हणाले बीपी वाढलं आहे. मी त्यांना म्हटलं की जहाजावर जायचं आहे, तर ते म्हणाले की मग तर आनंदात राहायला पाहिजे. त्यांना काय सांगू?

मी नूतनला फोन करून तिकिटं रद्द कर म्हटलं. ती रडली. शेवटी एवढंच म्हणाली, की आत्याशी बोलून घ्या, मी पंधरा तारखेपर्यंत थांबते. म्हणून लिहितो. एरवी लिहिलं नसतं.

चैतू नाव वळवायचा असं तू लिहिलंस. नेहमी नाही, मनकर्णा. त्या भादव्यात, एकोणऐंशी साली, त्यानं वळवली नाही. तुझी तार सकाळी दहाला माझ्या हातात पडली. पोर आजारी आहे, आईला घेऊन ये. नोकरीला तीन महिने झाले होते. साहेब म्हणाला की हाजरी पूर्ण करून जा, आणि मी मान हलवली. बाराला निघालो. आईला घेतलं, मंचेरियलपर्यंत गाडी, पुढे बस. काठावर आलो तेव्हा शेवटची नाव मधोमध होती. मी दुपट्टा हलवला, हाका मारल्या. आई चिखलात बसून तुझं नाव घेत होती. पाण्याला ओढ होती, नाव गेली. सकाळी पहिल्या नावेनं आलो तेव्हा तुझ्या पोरीला माती देऊन झाली होती. पाच दिवसांची नात आईनं पाहिली नाही.

आपण हे कधी बोललो नाही. पण तेव्हापासून मला कुठेही उशिरा जाता येत नाही, वेळेवरही जाता येत नाही. दोन तास, दोन तास माझ्या डोक्यात फिरतात. लोक हसतात, मीही हसतो. पण बंदरावर मी पोचलो आणि जहाज पाण्यात मधोमध दिसलं, तर मी उभा राहू शकणार नाही. त्यापेक्षा न गेलेलं बरं. तू तुझी मिरची तोड. माझा राग नाही.

तू सुखी राहावीस, एवढंच मागणं.

वामनभाऊ


सिरोंचा
३ फेब्रुवारी २०२५

ती. वामनभाऊस सप्रेम जयभीम.

पत्र वाचून मी दिवसभर शेताकडे फिरकले नाही. चैतूचं नाव मी गमतीत लिहून गेले. हात कसा धजला, कळत नाही. आता जे लिहिते आहे ते एका दमात लिहिते, मध्ये थांबले तर पाठवणार नाही.

भाऊ, पोर रात्री गेली नाही. तुझ्या हातात तार पडली त्या दिवशीच, दुपारचे बारा वाजायच्या आधी ती गेली. माझ्या मांडीवर. संध्याकाळी उजेड असतानाच तिला माती दिली. तू दहाला निघाला असतास, पळत आला असतास, तुला नाव मिळाली असती, तरी आईच्या हाती काही आलं नसतं.

सकाळी तू दारात आलास. माझ्यात रडायचंही त्राण नव्हतं, नुसता राग होता. नवरा खाली मान घालून बसला होता, सासू भिंतीकडे तोंड करून. कोणावर काढू? तू समोर उभा होतास, पायाला चिखल लागलेला. मी तुला म्हटलं, की कालच्या नावेनं आला असतास तर आईनं नात पाहिली असती. तू कोणाला काही विचारलं नाहीस आणि कोणी काही सांगितलं नाही.

नंतर सांगणार होते. राखीला सांगीन म्हटलं, मग आई होती तोवर धीर झाला नाही, मग वाटलं की तू विसरला असशील. तू लग्नाला पहाटे जाऊन बसायचास आणि मीच सगळ्यांपुढे तुझी टिंगल करायचे. मला कळायला पाहिजे होतं. खरं लिहू? थोडं कळत होतं. म्हणूनच मी सगळ्यांत मोठ्यानं हसायचे. मला माफ कर म्हणायलाही लाज वाटते.

जायचं की नाही ते तू ठरव. तू २३ म्हटलंस तर मी २१ ला येते. मिरची राहू दे.

लोभ मागायचा हक्क या पत्रात मला नाही. तुझ्या मनात उरला असेल तेवढा ठेव.

मनकर्णा


राजुरा
११ फेब्रुवारी २०२५

चि. मनकर्णा हिला वामनभाऊचा जयभीम व अ. आ.

तुझं पत्र ७ तारखेला मिळालं. मला राग आला. खूप आला. दोन दिवस तुझं नाव काढलं नाही. शेजारचा नथ्थू विचारायला आला की भाऊ, तब्येत खराब आहे काय, तर त्याच्यावरही खेकसलो. सेहेचाळीस वर्षं, मनकर्णा. एखादं पत्र तरी लिहायचं होतंस.

तिसऱ्या दिवशी बसस्टँडवर जाऊन बसलो, काही काम नसताना. गाड्या आल्या, गेल्या. एका गाडीमागे एक बाई पोराला कडेवर घेऊन धावत होती. गाडी तिच्यासाठी थांबली नाही. ती थोडा वेळ उभी राहिली, मग पोराला खाली ठेवून त्याचं नाक पुसायला लागली. आणि मला एकदम तू आठवलीस. एकवीस वर्षांची. इतकी वर्षं त्या दिवसाचं मी काय काय आठवलं! साहेब, घड्याळ, नाव, माझा दुपट्टा. तू त्यात कुठेच नव्हतीस. माझा उशीर मीच कुरवाळत बसलो. तू एकटी काय काय करत असशील, ते मनात आलं नाही. तेव्हा रागाचं राहू दे. तो होता तेवढा होऊन गेला.

नूतनला कळवलं, तिकिटं ठेव. आपण २६ ला निघू. २७ ला तिच्याकडे मुक्काम, २८ ला एक वाजता बंदरावर. सातला नाही, एक वाजता. लिहून पुन्हा वाचलं, आणि तसंच ठेवलं. मिरची २५ पर्यंत आटप आणि त्याच संध्याकाळी राजुऱ्याला पोच.

एक विचारायचं आहे. ते मी तेव्हाच, दारात उभा होतो तेव्हाच विचारायला पाहिजे होतं. पोरीचं नाव काय ठेवणार होतीस? काहीतरी मनात असेलच. पत्रानं कळवू नकोस, तोंडानं सांग. तेवढं ऐकायला मात्र मी २५ ला तुझ्या बसच्या खूप आधी स्टँडवर येऊन बसेन. त्याला हसू नकोस.

तुझाच,
वामनभाऊ